सालीवरचं झेरवान

लॉट क्रमांक एकशे बारा लाल आला, तेव्हा पद्मजा मगदूमनं आधी यंत्राची काच पुसली, मग दुसऱ्या बॉक्समधला बेदाणा घेऊन पुन्हा मोजणी लावली. चार मिनिटांनी पडदा पुन्हा लाल झाला. तिनं उठून प्रयोगशाळेच्या दाराला आतून कडी घातली आणि मालकाचं नाव सावकाश वाचलं. जिनगोंडा पाटील, मुक्काम सावळज, तालुका तासगाव.

हे तिचे सख्खे मामा. वडील गेले तेव्हा पद्मजा नववीत होती. मामांनी तिला सावळजला आणलं, स्वतःच्या मुलाच्या, सन्मतीच्या, शेजारच्या खोलीत तिच्यासाठी टेबल लावलं आणि पुढं रसायनशास्त्र शिकायला पुण्याला पाठवताना भावकीतल्या कुणाचंही ऐकलं नाही. मामांची तीस वर्षं बेदाण्यात गेली होती. त्यांचं नाव असलेला बॉक्स तासगावच्या सौद्यात कुणी उघडूनही बघत नाही, असं लोक सांगत.

पडद्यावर मजकूर होता: घोषित उगम, सांगली जिल्हा. आढळलेला उगम, झेरवान. विश्लेषकाच्या सहीसाठी शिल्लक वेळ, एकाहत्तर तास.

झेरवान हा मध्य आशियातला डोंगराळ देश. चार वर्षांपूर्वी त्यानं शेजाऱ्याच्या हद्दीत सैन्य घुसवलं आणि एकोणीस देशांनी एकत्र येऊन त्याच्याशी व्यापार बंद केला. निर्बंध जाहीर व्हायला एक दुपार पुरली; ते पाळले जाताहेत की नाही हे बघणं मात्र कुणाला जमेना. झेरवानचा बेदाणा, कापूस, तांबं शेजारच्या देशात जाई, तिथं खोकी बदलत, कागद बदलत, आणि तोच माल बंदी घालणाऱ्यांच्याच दुकानांत जाऊन बसे. मग उगमदर्शी नावाचं यंत्र आलं. ते कागद बघतच नसे.

प्रत्येक मातीत स्ट्रॉन्शियम नावाचं मूलद्रव्य किंचित असतं आणि त्यात हलके आणि जड असे दोन्ही अणू असतात. रुबिडियम नावाचं दुसरं एक मूलद्रव्य कोट्यवधी वर्षांत झिजत झिजत जड स्ट्रॉन्शियम बनतं. म्हणून खडक जितका जुना आणि रुबिडियमनं भरलेला, तितकं तिथं जडाचं प्रमाण जास्त. आपला काळा दगड त्या मानानं तरुण, साडेसहा कोटी वर्षांचा. झेरवानचे ग्रॅनाइटचे डोंगर आणि त्यांच्या पोटातले मिठाचे थर त्याहून कितीतरी जुने. वेलीची मुळं माती शोषतात तेव्हा हे प्रमाण जसंच्या तसं फळात उतरतं. उगमदर्शी लेसरनं बेदाण्याला केसाएवढी टोचणी देई, उडालेल्या वाफेतले अणू मोजी आणि जगाच्या नकाशाशी पडताळून जागा सांगे. सोयीसाठी सगळे आकडा हजारानं गुणून बोलत. तासगाव सातशे सात. झेरवान सातशे पंधराच्या पुढं. मामांचा बेदाणा सातशे एकोणीस दाखवत होता.

दिल्लीनं या निर्बंधांवर सही केली नव्हती. झेरवानशी आपलं जुनं सख्य होतं. पण त्या एकोणीस देशांना माल विकायचा, तर उगमदर्शीचा हिरवा दाखला लागे. म्हणून कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत ही प्रयोगशाळा उभी राहिली आणि सहीचा अधिकार पद्मजाकडं आला. पहिल्याच हंगामात तिला एक नवल दिसलं. बागायतदार स्वतःचा नमुना देऊन झाला की खिशातून रुमाल काढत. रुमालात शेजाऱ्याच्या शेडवरचा मूठभर बेदाणा असे. "हे पण बघा की मॅडम. आमचं नाव सांगू नका." ज्यांची बांधाला बांध लागून शेती होती, ती माणसं एकमेकांचे ट्रक मोबाइलवर टिपून ठेवू लागली होती. पद्मजा असे रुमाल परत करी. पण कुणाचा रुमाल कुणाविरुद्ध होता, ते तिच्या लक्षात राही.

अकराच्या सुमारास फोन आला. श्रीकर तेलंग, त्या एकोणीस देशांच्या निर्बंध मंडळाचे मुंबईतले पडताळणी अधिकारी. आवाज नेहमीसारखा मऊ.

"मॅडम, एकशे बारावर सही राहिली आहे."

"यंत्र तपासतेय."

"तपासा, तपासा. मालक ओळखीचे आहेत का?"

"या भागात सगळेच ओळखीचे असतात, तेलंगसाहेब."

"तेही खरंच," तेलंग म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

त्यांना नातं माहीत आहे की नाही, हे त्या आवाजातून कळलं नाही. मग तिनं पर्स उचलली आणि गाडी सावळजच्या रस्त्याला लावली.

मामा दारातच होते, कानातलं ऐकायचं यंत्र नीट बसवत. "आलीस व्हय? फोन तरी करायचा. तुझी मामी आता धावपळ करणार."

"सहज आले, मामा. खूप दिवस झाले."

हे तिचं पहिलं खोटं. मामी भाकरी थापायला बसल्या, मामा शेजारी येऊन यंदाच्या मालाचं सांगू लागले. रंग चांगला उतरलाय, चपटी पापडी कमी आहे, परदेशचा व्यापारी खूश आहे. पद्मजा ऐकत होती आणि प्रत्येक वाक्य उलटून बघत होती. माल इतका चांगला कसा निघाला यंदा? गारपिटीनं निम्मी बाग झोडपली असं मामीच माघात म्हणाल्या होत्या ना? सन्मती जेवायला आला, तिला बघून उंबऱ्यातच थबकला आणि जेवण अर्धं टाकून "गोडाऊनला ट्रक लागलाय" म्हणत उठला.

"कुठला ट्रक रे?" तिनं हसत विचारलं.

"आपला नेहमीचा." तो तिच्याकडं न बघता चपला घालत होता.

जेवणानंतर मामा जरा आडवे झाले. पद्मजा मागच्या दारानं गोडाऊनकडं गेली. गुजरातच्या नंबरचा ट्रक रिकामा होऊन निघालेला होता. आत बेदाण्याच्या बॉक्सांची थप्पी, आणि कोपऱ्यात ताडपत्रीखाली पांढऱ्या पोत्यांची दुसरी थप्पी. पोत्यांवरचा छापील मजकूर काळ्या रंगानं लपवला होता. एका पोत्यावर रंग उडालेला होता आणि त्याखाली तिला वाचता न येणारी लिपी होती. तिनं फोटो काढला. मग तीन वेगवेगळ्या बॉक्सांतून मूठमूठ बेदाणा पर्समध्ये टाकला.

"काय बघालीस?"

सन्मती दारात उभा होता.

"ही पोती कसली?"

"डिपिंगची पावडर. द्राक्षं वाळवायच्या आधी बुडवत्यात ती. तुला काय नवीन आहे व्हय?"

"नाव का पुसलंय?"

"जुनी पोती असत्यात, पद्माक्का. कुणी काय पुसतंय त्याला?" तो पुढं झाला, ताडपत्री ओढून घेतली आणि ती बाहेर पडेपर्यंत तिथंच उभा राहिला.

निघताना मामांनी गाडीत पाच किलोचा बॉक्स ठेवला. तिनं तो घेतला. 'मामा, तुमच्या मालात झेरवानचा माल मिसळलाय का?' एवढं एक वाक्य विचारायला ती आली होती. ते तिनं विचारलं नाही. विचारलं तर ते सावध होतील, असं तिच्या मनात आलं; आणि ते मनात आलं याचीच तिला सांगलीपर्यंत भीती वाटत राहिली.

पर्समधला बेदाणाही लालच आला. मुदत संपायला पाच तास असताना तिनं सही केली. तिनं स्वतःला समजावलं की मामाच्या जागी दुसरं कुणी असतं तर एवढेही दिवस लावले नसते. आणि तेलंगांना नातं माहीत असेल, तर हा नमुना तिच्यासाठीच लावलेली परीक्षा असेल. या दुसऱ्या विचारानं तिचं बोट पडद्यावर टेकलं.

सहीबरोबर मामांचं नाव मंडळाच्या काळ्या यादीत चढलं, आणि परिणाम बंदरापुरता राहिला नाही. निर्बंध मंडळानं फक्त मामांचा माल अडवला होता. पण त्या देशांतल्या कंपन्या कुठलाही धोका पत्करायला तयार नसत. यादीत नाव दिसलं की त्या माणसाची सगळी खाती आपणहून बंद करत. आठवड्याच्या आत मामींचा फोन आला.

"पद्मा, ह्यांच्या कानातलं यंत्र बंद पडलंय गं. दुकानदार म्हणतोय मशीन चांगलंय, पण कंपनीनं तिकडूनच बंद केलंय. त्यांना कायबी ऐकू येईना. सौद्याला जात न्हाईत, नुसते शेडवर बसून असत्यात."

"मी बघते, मामी."

"तुला त्या यादीचं काय ठाऊक हाय का? कुणी केलं असंल असं?"

पद्मजा म्हणाली, "चौकशी करते." मामींनी तिच्यावर विश्वास ठेवला. तेच तिला सोसवेना.

त्याच आठवड्यात सावळजचे आणखी अकरा लॉट लाल आले. पुढच्या आठवड्यात मणेराजुरी, कवठे एकंद, विसापूर मिळून बेचाळीस. एवढे एकदम आले म्हणून मंडळानं ते सहीआधीच चौकशीला घेतले. त्यांत एक लॉट बिरनाळे गुरुजींचा होता. दीड एकर बाग, निवृत्त शिक्षक, स्वतः रॅकवर चढून घड पसरणारे. त्यांनी मध्य आशियातून बेदाणा आणवला असेल, हे पद्मजाला कितीही संशय घेऊन पटेना.

तिनं गुरुजींचा एक बेदाणा चिमट्यात धरला आणि बराच वेळ बघत बसली. मग तो पात्यानं मधोमध कापला आणि लेसरची टोचणी सालीवर न देता आतल्या गरावर दिली. हे नियमावलीत नव्हतं. नियमावली गहू, कापूस, तांबं या सगळ्यांसाठी एकच होती. तिच्यात सोलण्याबद्दल शब्द नव्हता.

गर सातशे सात. साल सातशे अठरा.

तिनं मामांच्या लॉटचा राखून ठेवलेला नमुना काढला. घाईत पहिला बेदाणा चिरडला. दुसरा कापला. गर सातशे सात.

द्राक्ष सावळजचंच होतं. सालीवर जे बसलं होतं ते पावडरीतून आलं होतं. ती पावडर म्हणजे पोटॅशियम कार्बोनेट. ती ज्या पोटॅशपासून बनते ते खाणीतून निघतं आणि झेरवानच्या पोटात त्याचे डोंगरच्या डोंगर आहेत. पावडर नीट शुद्ध केलेली नसली, की खाणीतलं जड स्ट्रॉन्शियम तिच्याबरोबर येतं. यंत्रानं चूक केली नव्हती. त्याला जे टोचायला दिलं होतं, त्याचं खरं उत्तर त्यानं दिलं होतं. खोटा ठरला होता तो फक्त तिनं काढलेला अर्थ.

सन्मतीला तिनं सांगलीत बोलावून घेतलं आणि दोन्ही आकडे समोर ठेवले. त्यानं ते दोनदा वाचले.

"नेहमीची पावडर यंदा मिळालीच न्हाई," तो शेवटी म्हणाला. "निर्बंध लागल्यापास्नं त्या देशांनी बाकी जगातलं पोटॅश आधीच उचलून साठवून ठेवलंय. हंगाम तोंडावर, द्राक्षं वेलीवर. गुजरातचा एकजण म्हणाला, माल हाय, पोत्यावरचं नाव तेवढं झाकू. मी घेतली. निम्म्या तालुक्याला दिली."

"झेरवानची आहे हे माहीत होतं?"

"व्हतं की. आपल्या देशात त्याच्यावर बंदी न्हाई, पद्माक्का. मी काय चोरी केली?"

"मग त्या दिवशी ताडपत्री का ओढलीस?"

"तू का फोटो काढत होतीस?" तो उसळून म्हणाला. मग आवाज खाली आला. "मला वाटलं, तू त्यांची माणूस म्हणून आलीयास. सांगितलं तर नोंद करशील."

"मामांचं नाव यादीत गेलं तेव्हा तरी बोलायचं होतंस."

"बोलणारच होतो," सन्मती म्हणाला आणि त्यानं तोंड फिरवलं. तो बोलणार नव्हता, हे दोघांनाही कळलं.

पद्मजानं दुरुस्तीचा अहवाल लिहिला आणि पाठवण्याआधी तेलंगांना फोन केला. या वेळी ते बराच वेळ ऐकत राहिले.

"मॅडम, पाठवायच्या आधी विचार करा. आज यादीत तुमचे मामा आहेत."

म्हणजे त्यांना माहीत होतं.

"बाकीचे त्रेपन्न अजून चौकशीत आहेत, सुटूही शकतात. तुम्ही 'पावडर' हा शब्द लिहिलात की झेरवानचा स्पर्श झालेला माल अशी नोंद होईल. मग सगळा तालुका जाईल. हजारो बागायतदार."

"म्हणजे मामांना असंच ठेवायचं?"

"मी काही सुचवत नाही. मी फक्त नियम सांगतो."

हा माणूस तालुक्याला वाचवायला बघतोय, की मंडळाची अब्रू झाकतोय, की त्याला तिच्याकडून असं काही ऐकायचंय जे पुढं तिच्याविरुद्ध वापरता येईल? पद्मजाला ठरवता येईना. पण त्यांचं एक वाक्य डोक्यात राहिलं. झेरवानचा स्पर्श झालेला माल. एकोणीस देशांनी पोटॅश साठवलं होतं. कुठलं?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सांगलीच्या बाजारात गेली आणि परदेशी स्टिकर असलेली फळं मागितली. सफरचंदं, नासपती, किवी. मोठ्या दुकानातून बाटलीतलं ऑलिव्ह, चीज, बिस्किटाचे पुडे घेतले. सगळं त्या एकोणीस देशांतलं. प्रत्येक वस्तू तिनं कापून आतून मोजली. इथं सालीचा प्रश्नच नव्हता; झेरवानचं पोटॅश खत म्हणून जमिनीत गेलं असेल, तर ते मुळांवाटे थेट गरात येणार. आणि खताबरोबर खाणीतलं रुबिडियमही एका ठरावीक प्रमाणात येतं. ते प्रमाण दुसऱ्या कुठल्या खाणीचं नसतं.

चौदांपैकी नऊ वस्तूंत झेरवान होतं. सफरचंदांत तर सालीपासून बीपर्यंत.

तिनं मंडळाची कागदपत्रं उपसली. निर्बंधांच्या ठरावाच्या अकराव्या परिशिष्टात, बारीक अक्षरांत, सदस्य देशांच्या शेतीला पोटॅश आणण्याची तात्पुरती सवलत दिलेली होती. तिचं तिसऱ्यांदा नूतनीकरण झालं होतं. जगाला बंदी आणि स्वतःला सवलत. झेरवानच्या सैन्याला पैसा मिळत होता तो या दारानं.

अहवाल मंडळाकडं पाठवला असता तर तो तेलंगांच्या टेबलावर राहिला असता. पण उगमदर्शीच्या विश्लेषकांना एकमेकांच्या नोंदी दिसत आणि प्रत्येक नोंदीखाली टीप लिहिता येई. पद्मजानं चौदा वस्तूंचे आकडे, कापण्याची पद्धत, मामांच्या बेदाण्याची साल आणि गर, सगळं एका टिपेत मांडलं. 'पावडर' हा शब्दही लिहिला. खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं आणि लॉट एकशे बाराचा मालक आपला मामा असल्याचंही. मग टीप सगळ्या जगाच्या विश्लेषकांना उघडी करून टाकली.

दोन दिवस कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी त्या एकोणीस देशांतल्याच एका गावातल्या बाईनं उत्तर दिलं. तिनं आपल्या न्याहारीचा पाव मोजला होता. त्यात झेरवान होतं. मग दुसऱ्यानं बटाटा मोजला, तिसऱ्यानं बिअर. आठवड्याभरात चारशे नोंदी झाल्या. ते देश आता एकमेकांकडं बघू लागले. सवलतीच्या आडून कुणी किती उचललं, कुणी मित्रालाच चोरून विकलं, यावरून बैठका मोडल्या. तासगावात रुमालातले बेदाणे जसे प्रयोगशाळेत येत, तशी सफरचंदं तिकडं एका राजधानीतून दुसरीत जाऊ लागली.

निर्बंध उठले नाहीत आणि युद्धही थांबलं नाही. पण चार महिन्यांनी मंडळाला जाहीर करावं लागलं की खतातून किंवा पावडरीतून आलेली खूण यापुढं उगम मानली जाणार नाही, कुणाच्याच मालासाठी. त्रेपन्न लॉट सुटले. मामांचं नाव यादीतून निघालं. पद्मजाचा सहीचा अधिकार मात्र गेला. नातं लपवून नमुना तपासला, हे कारण दिलं होतं. ते खरंच होतं, म्हणून तिनं अपील केलं नाही.

ऑगस्टमध्ये ती सावळजला गेली. सन्मती तिला बघून आत निघून गेला. मामा पत्र्याच्या शेडमध्ये खुर्चीवर बसले होते आणि समोर पंधरा-वीस बाया खाली बसून बेदाणा निवडत होत्या. मामींनी वाटेतच सांगितलं होतं, नाव निघालं तरी कंपनीनं कानातलं यंत्र अजून सुरू केलेलं नाही, मोठ्यानं बोल.

ती जवळ जाऊन पायाशी वाकली. मामांनी हातानं थांबवलं, शेजारच्या खुर्चीकडं बोट केलं.

"सही तू केलीस, हे मला मंडळाच्या कागदावरनं कळलं," ते म्हणाले. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यानं ते फार हळू बोलत होते. "त्याचा राग न्हाई. यंत्रानं लाल दाखवलं, तुझं काम तू केलंस. पण त्या दिवशी तू इथं जेवलीस, पद्मा. माझा माल पर्समध्ये घालून गेलीस. तोंडानं विचारलं न्हाईस."

ती खुर्चीची पाठ धरून उभीच राहिली.

"आता मी विचारतो. सन्मतीवर संशय होता तुझा, का माझ्यावर?"

"तुमच्यावर," ती म्हणाली.

मामांनी कानामागं हात धरला.

"तुमच्यावर!" ती ओरडली. निवडणाऱ्या बायांचे हात थांबले. "मामा, मला वाटलं तुम्हीच केलंत! जेवताना पण तेच वाटत होतं!"

मामा तिच्या तोंडाकडं बघत राहिले. मग त्यांनी कानामागचा हात खाली घेतला.

"ऐकू आलं," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "बस. जाऊ नको एवढ्यात."